दाढ निरोगी, कळ मात्र खरी

पनवेलहून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकीपाशी बसलेल्या आजींनी पदर गालावर घट्ट धरला असेल, तर त्यांना गार वारा सोसत नाही, एवढेच आपण समजतो. वाऱ्याच्या झुळुकीसरशी जबड्यातून विजेसारखी कळ जात असेल, अशी शंकाही येत नाही. घरी याच आजी तोंडावर पाणी घेताना थबकतात, भाकरी बाजूला सारून नुसते वरण पितात. लवंगेच्या तेलाचा उपयोग होत नाही, तेव्हा घरचे निदान ठरलेले असते: दाढ किडली, काढून टाका.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. काढलेली दाढ परत बसवता येत नाही.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूला प्रत्येक बाजूस तीन शाखा असतात. त्यांतील दोन शाखा दातांच्याही असल्याने बिघाड तंतूच्या मुळाशी असला तरी दुखते ती दाढच. मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी त्या मुळावर दाब देत असते, हे याचे नेहमीचे कारण. ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’ नावाचा हा विकार पन्नाशीनंतर, आणि स्त्रियांत अधिक आढळतो. सुश्रुतसंहितेतील शिरोरोगांपैकी ‘अनंतवाता’शी त्याचे साम्य अनेक वैद्य दाखवतात.

दंतवैद्यकातील ‘ओरल मेडिसिन’चे तज्ज्ञ अशा वेदनेची उकल करतात. पनवेलकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. कामोठे आणि खारघर येथील दंत महाविद्यालयांत हा विभाग आहे. तज्ज्ञ दातावर ठोकून पाहतात, गार-गरम लावून पाहतात, क्ष-किरण चित्र घेतात. पण त्यांचे मुख्य साधन प्रश्न हेच. किडलेल्या दाताचा ठणका गरम चहानंतर रेंगाळतो, रात्री झोपू देत नाही. मज्जातंतूची कळ एकाच बाजूला, काही सेकंदांपासून फार तर दोन मिनिटे टिकते. नुसत्या स्पर्शाने उठते आणि झोपेत बहुधा शांत असते. हा भेद न कळल्यास एक दाढ निघते, कळ राहते, मग शेजारची दाढ संशयित ठरते. दातात दोष नसेल तर त्याला हात न लावणे हाही उपचारच होय. पुढे एम.आर.आय. आणि मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला लागतो.

वेदना मोजणारी रक्ततपासणी नाही, म्हणून या क्षेत्रातील संशोधनही रुग्णाच्या कथनावर उभे आहे. मुख-चेहऱ्याच्या वेदनांचे पहिले आंतरराष्ट्रीय वर्गीकरण 2020 मध्ये प्रसिद्ध झाले, इतके हे शास्त्र तरुण आहे. घरच्यांनीही एक वही ठेवावी: कळ केव्हा आली, कशाने उठली, किती वेळ टिकली, शून्य ते दहा यांत किती तीव्र होती. बोलतानाही कळ येणाऱ्या रुग्णाच्या वतीने ती वहीच बोलते.

कार्बामाझेपिन हे औषध 1962 पासून या विकारावर वापरात आहे आणि अनेकांना त्याने लवकर आराम पडतो. वृद्धांबाबत मात्र ते जपून, अल्प मात्रेपासून सुरू करतात. चक्कर येते, रात्री न्हाणीघराकडे जाताना तोल जातो. रक्तातील सोडियम घटून भ्रमही होऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांचा प्रभाव ते कमी करते, म्हणून चालू औषधांच्या सर्व पट्ट्या सोबत न्याव्यात. अंगावर पुरळ उठल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. एरवी गोळी मनाने बंद करू नये. औषध पुरे पडत नसेल तर शस्त्रक्रियेचाही मार्ग आहे.

दोन प्रसंगी मात्र वहीत नोंदी करत बसू नका. पन्नाशीपुढील व्यक्तीची कानशिले नव्याने दुखू लागली, चावताना जबडा थकू लागला किंवा दृष्टी अंधुक झाली, तर रक्तवाहिनीच्या दाहाची शक्यता असते. उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. आणि जिना चढताना जबडा दुखून विसाव्याने थांबत असेल, तर दंतवैद्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या.