आधी घर, मग गल्ली

१९५९ च्या जुलैमध्ये नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला, ग्रोनिंगन प्रांतातल्या एका शेताखाली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. पुढच्या काही वर्षांत त्या देशाने जे केले ते वाचताना आजही थक्क व्हायला होते. गल्लोगल्ली रस्ते खणले, पाइप टाकले, घरातल्या शेगड्यांचे बर्नर बदलून दिले. दहाएक वर्षांत जवळजवळ सगळा देश या वायूवर स्वयंपाक करू लागला आणि त्याच वायूवर घरे उबदार ठेवू लागला.

विजेच्या तारा मात्र याच व्यवस्थेला धरून टाकल्या गेल्या. दिवे, फ्रिज, टीव्ही एवढीच विजेची कामे. जड काम सगळे वायूकडे. शिवाय सगळी घरे सगळी उपकरणे एकाच वेळी लावत नाहीत. त्यामुळे घरामागे जेमतेम एक-दीड किलोवॉट धरायचा आणि त्यावरून कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर ठरवायचा, असा इंजिनियरांचा हिशोब होता. तो चुकीचा नव्हता. कित्येक दशके पुरला.

वायू उपसता उपसता जमीन हलू लागली. १६ ऑगस्ट २०१२ ला हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आकडा लहान वाटतो, पण हादरा जमिनीच्या जवळून आलेला; विटांच्या घरांना तडे गेले. मार्च २०१८ मध्ये सरकारने तिथला उपसा बंद करायचे ठरवले. १ जुलै २०१८ पासून नव्या घरांच्या परवान्यांमधून वायूची जोडणी वगळली गेली.

असे नवे घर उघडून पाहावे. दारातून आत शिरताच मीटरचे कपाट, त्यात वायूचा मीटर नाही. वीज थ्री-फेज, २५ अँपिअरची. स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी, जी पूर्ण लावली तर सात किलोवॉटपर्यंत जाते. उबेसाठी हीट पंप. एक युनिट विजेत तीन-चार युनिटांची ऊब देणारे हे यंत्र मला मनापासून आवडते. पण कडाक्याच्या थंडीत त्याची ताकद घटते आणि मदतीला साधी तापणारी कॉइल लागते. जानेवारीतल्या गोठवणाऱ्या संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक घराला ऊब हवी असते, ती एकाच वेळी. त्यात स्वयंपाक, त्यात गाडीचे चार्जिंग. ‘सगळे एकदम लावत नाहीत’ हा जुन्या हिशोबाचा पाया तिथेच खचतो. आपल्याकडे मे महिन्यात सगळ्यांचे एसी लागले की डीपी उडते, तेच तिथे थंडीत होऊ शकते.

विजेच्या जाळ्यात जागा उरली नसल्याने जून २०२२ मध्ये ब्राबांट आणि लिंबर्ग प्रांतांत मोठ्या ग्राहकांना विजेची नवी जोडणी देता येणार नाही असे जाहीर झाले. पुढच्या वर्षी उट्रेख्ट, गेल्डरलँडकडूनही तीच बातमी आली. कारखाने, शाळा रांगेत थांबले. याच सुमारास, १ ऑक्टोबर २०२३ ला, ग्रोनिंगनचा उपसा थांबला.

दोष वायू सोडण्याचा नाही. तडे गेलेल्या घरांत राहणाऱ्यांसाठी ते करायलाच हवे होते. चुकला तो क्रम. साठच्या दशकात आधी गल्ली खणली, मग शेगडी बदलली. या वेळी घराचा नियम काही महिन्यांत बदलला, आणि उपकेंद्राला मात्र जागा, परवानग्या, ट्रान्सफॉर्मर, तंत्रज्ञ मिळवण्यात वर्षानुवर्षे जातात. वीज वाहून नेणाऱ्या कंपन्या ग्राहकांच्या पैशावर चालतात, म्हणून अजून न आलेल्या मागणीसाठी तार टाकणे उधळपट्टी मानले गेले. खरे तर मोठा खर्च रस्ता खणण्याचा. एकदा खणलाच, तर तार जाड टाकायला त्यामानाने थोडेच लागते.

आता साधारण दर तीन रस्त्यांपैकी एक खणावा लागणार आहे. हजारो नवी ट्रान्सफॉर्मर-घरे उभी करायची आहेत, गॅरेजएवढी. त्यांतले प्रत्येक कुणाच्या तरी खिडकीसमोर येणार, म्हणून नगरपालिका वस्त्यावस्त्यांत पार्किंगची एखादी जागा किंवा हिरवळीचा तुकडा शोधत फिरत आहेत.