बेल्ट आज बदलायचा की पुढच्या वर्षी?

सकाळी ९. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शटर वर जायच्या आधीच सर गाडी घेऊन उभे. सँट्रो, २०१२ ची, रनिंग ३८ हजार. टायमिंग बेल्टचा विषय मी काढला, तसे सर म्हणाले, "अहो मिस्त्री, गाडी फिरलीय कुठं? मी रिटायर झाल्यापासून दारातच असते."

बेल्टचं आयुष्य किलोमीटरवरही मोजायचं आणि वर्षांवरही. जे आधी भरेल ते धरायचं. पट्टा रबराचा, आत काचेच्या तंतूंचे दोर. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतच राहतं. किलोमीटरचा आकडा इंजिनागणिक वेगळा, कुठं ६० हजार, कुठं लाखाच्याही पुढं. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवायचं नाही, आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडायचं.

कव्हर सोडून बेल्ट दाखवला. "चांगला तर दिसतोय की!" सर म्हणाले. माणसं फसतात ती इथंच. भेग दिसली, दात झिजलेला दिसला, सीलमधून गळलेल्या तेलानं पट्टा ओला झालेला दिसला, तर त्याच दिवशी बदलायचा. पण काहीच दिसलं नाही म्हणून तो ठीक आहे, असं होत नाही. हल्लीचं रबर वरून अखंड राहतं आणि आतले दोर कमजोर होत जातात. चेन सैल झाली की बहुतेक वेळा आधी खडखडते. बेल्ट काही न सांगता तुटतो. दहा वर्षांपुढचा मूळ बेल्ट मी कुणालाही चालवू देत नाही. सरांनी बाकावर बसून चहा घेतला आणि गाडी ठेवून गेले.

१०.३०. गुळाच्या व्यापाऱ्याची डिझेल डस्टर. सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं तोंडी सांगितलंय, "बेल्ट बदललाय." बिल नाही, बोनेटखाली स्टिकर नाही. अशा वेळी बदललेला नाही असंच धरायचं. शेठ लगेच तयार झाले, पण फक्त बेल्टला. या इंजिनात वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो. नव्या बेल्टवर जुना पंप किंवा जुना टेन्शनर ठेवला आणि त्याचं बेअरिंग जाम झालं, तर नवा बेल्टही जातो, आणि मजुरी पुन्हा तेवढीच. पूर्ण किट टाकायचं ठरलं.

दुपारी २. क्रँकला आणि कॅमला पिना लावून बेल्ट चढवला. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. क्रँक मिनिटाला दोन हजार फिरला, तर प्रत्येक व्हॉल्व्ह हजार वेळा उघडतो-मिटतो. पिस्टन वर येतो त्याच जागेत, फक्त वेळ वेगळी. ती वेळ हा पट्टा सांभाळतो. पोरगा नवा बेल्ट हातात मुरगाळून बघत होता. त्याला थांबवलं, कारण घडी पडली की आतला काचेचा दोर तुटतो. पिना काढून पान्यानं क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवला, पिना पुन्हा आपल्या जागी बसतात का पाहिलं. त्याआधी स्टार्टर मारायचा नाही, कितीही घाई असो.

४.३०. आंबा घाटातून फोन. डिझेल गाडी चढावर एकदम बंद पडली. "सेल्फ मारला की इंजिन भर्रकन फिरतंय, पण लागत नाही." भर्रकन फिरतंय म्हणजे काँप्रेशन नाही. मी म्हटलं, "दादा, आता सेल्फला हात लावू नका, टो करूनच आणा."

७. गाडी आली. कव्हर काढलं, बेल्टचे दोन तुकडे. डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागाच इतकी कमी की व्हॉल्व्ह वाकल्याशिवाय राहत नाहीत. रनिंग विचारलं, तर ते मुदतीच्या बरंच पुढं गेलेलं. "दिवाळीनंतर करणार होतो," दादा म्हणाले. खर्च किती, असं त्यांनी दोनदा विचारलं. किटच्या कितीतरी पट होणार एवढंच सांगितलं. नेमका आकडा उद्या, हेड उतरवून व्हॉल्व्ह, गाईड आणि पिस्टनचा माथा पाहिल्यावर.