स्टेकबरोबर टकीला की व्हिस्की? तुलनेचा प्रश्न कसा मांडायचा

आज थोडा वेगळा विषय. पण शेवटपर्यंत वाचा, कारण प्रपोजल लिहिताना होणारी एक मोठी चूक मला यातून कळली.

मी टेक्सासमध्ये फूड सायन्समध्ये पीएचडी करतेय. मागच्या हिवाळ्यात लॅबमधल्या मित्राने जेवायला बोलावलं. ताटात स्टेक आणि टेबलावर दोन बाटल्या: एक अन्येहो, म्हणजे ओकच्या पिंपात मुरवलेली टकीला, आणि एक बर्बन व्हिस्की. दोन्ही शॉट मारायच्या नाहीत, घोट घोट घ्यायच्या. आम्ही 8 जण होतो. जेवण झाल्यावर मित्राने विचारलं, "स्टेकबरोबर काय जास्त जमलं?" टकीलासाठी 6 हात वर. "बघा, सिद्ध झालं!"

त्याच आठवड्यात माझं पहिलं प्रपोजल कमिटीकडून परत आलं होतं. शेरा एकच: नेमकी कशाची कशाशी तुलना करताय? तो शेरा मला त्या रात्री समजला.

आधी बाटल्यांत काय आहे ते बघू

टकीला मेक्सिकोची, मुख्यतः हालिस्को राज्यातली. ती निळ्या अगावेपासून बनते. आपल्याकडे शेताच्या बांधावर घायपात दिसते ना, तिच्याच कुळातली ही वनस्पती. पानं छाटून उरलेला गड्डा शिजवतात, त्यातून साखर मोकळी होते, मग ती आंबवून ऊर्ध्वपातन करतात. 'अन्येहो' म्हणवून घ्यायला टकीला जास्तीत जास्त 600 लिटरच्या ओकच्या पिंपात किमान 1 वर्ष मुरावी लागते. 'एक्स्ट्रा अन्येहो'साठी किमान 3 वर्षं.

व्हिस्की धान्याची. बर्बनमध्ये किमान 51% मका लागतो आणि ओकचं पिंप नवं, आतून जाळलेलं असावं लागतं.

आता गंमत बघा. बर्बनसाठी पिंप नवंच लागतं, त्यामुळे वापरलेली पिंपं विकली जातात आणि टकीला बनवणारे अनेक जण तीच विकत घेतात. म्हणजे दोन्ही पेयांत ओकमधून व्हॅनिलिन आणि ओक लॅक्टोन उतरतात. बेन आणि पेपार्ड यांच्या 1996 च्या अभ्यासात टकीलाच्या सर्वांत प्रभावी गंध-घटकांमध्ये व्हॅनिलिनही होतं. तेव्हा "टकीला विरुद्ध व्हिस्की" म्हणताना आपण अगावे आणि धान्याची तुलना करतोय, की जुन्या आणि नव्या पिंपाची?

आमच्या मतदानात काय चुकलं?

1. लेबल दिसत होतं. 2001 मध्ये मोरो, ब्रोशे आणि दुबुर्दियू यांनी पांढऱ्या वाइनला गंधहीन लाल रंग दिला, तर चाखणाऱ्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. डोळे जिभेच्या आधी निकाल देतात.

2. क्रम ठरलेला होता. टकीला आधी आली तेव्हा स्टेक गरम होता. बर्बन आली तेव्हा तो गार झाला होता.

3. तीव्रता वेगळी होती. टकीला 40% अल्कोहोलची, बर्बन 50% ची. घशाला झोंबलं ते धान्य नव्हे, अल्कोहोल असू शकतं.

4. गोडवा कुठून आला? मेक्सिकोच्या नियमांनुसार अन्येहोत साखरेचा पाक, ग्लिसरीन, कॅरॅमल, ओकचा अर्क असे घटक मिळून वजनाच्या 1% पर्यंत चालतात. स्ट्रेट बर्बनमध्ये असं काही घालता येत नाही.

5. माणसं कमी होती. 8 जणांनी नुसतं नाणं उडवलं असतं, तरी 6 किंवा जास्त मतं टकीलाला पडायची शक्यता 256 पैकी 37, म्हणजे साधारण 14% आहे.

पण खरी चूक सहावी

वरच्या सगळ्या चुका दुरुस्त केल्या तरी एक उरतेच. स्टेकशिवाय कोणाला काय आवडतं, हे आम्ही विचारलंच नव्हतं!

समजा, नुसत्या टकीलाला 10 पैकी 7 गुण मिळाले आणि स्टेकबरोबर 7.5. नुसत्या बर्बनला 5 आणि स्टेकबरोबर 6.5. हात वर करायला सांगितलं तर टकीला जिंकेल. पण स्टेकमुळे जास्त खुलली कोण? बर्बन. टकीला 0.5 ने वाढली, बर्बन 1.5 ने.

"काय आवडलं" हा एक प्रश्न आणि "कशाबरोबर काय जमलं" हा दुसरा. दुसऱ्याला स्टॅटिस्टिक्समध्ये इंटरॅक्शन म्हणतात, आणि त्यासाठी फरकांमधला फरक मोजावा लागतो. माझ्या प्रपोजलमध्ये नेमका हाच आधाराचा गट नव्हता. मी इंटरॅक्शनबद्दल दावा करत होते आणि मोजणार होते नुसती आवड.

मग प्रयोग कसा असावा?

वापरलेल्या बर्बन पिंपात मुरवलेली एक्स्ट्रा अन्येहो घ्या, आणि तशाच पिंपातली, धुराचा वास नसलेली स्कॉच. दोन्ही पाणी घालून 40% वर आणा. गडद ग्लास, तीन अंकी कोड. निम्म्यांना टकीला आधी, निम्म्यांना स्कॉच. स्टेक सारख्या जाडीचा, सारख्या तापमानाचा. प्रत्येक पेय स्टेकशिवाय आणि स्टेकसह. मधे पाणी आणि विश्रांती. घोट गिळायचा नाही, थुंकायचा. आणि अर्थातच, आधी एथिक्स कमिटीची परवानगी.

तरी एक मर्यादा राहतेच. हालिस्कोच्या उन्हातली 3 वर्षं आणि स्कॉटलंडच्या गारव्यातली 3 वर्षं सारखी नाहीत. ती लपवू नका, प्रपोजलमध्ये स्पष्ट लिहा. परीक्षकाने ती शोधून काढण्यापेक्षा तुम्ही सांगितलेली कधीही बरी.

माझं प्रपोजल दुसऱ्या फेरीत पास झालं. त्यात फक्त एक गट आणि एक वाक्य वाढलं होतं.

आता तुमची पाळी. तुमच्या विषयात "अ हे ब पेक्षा चांगलं" असं वाक्य असेल, तर त्याखाली तीन ओळी लिहा: कशासाठी चांगलं? बाकी काय काय सारखं ठेवलंय? आणि दोन्ही नसताना काय होतं? तिसरी ओळ अडली, तर सिनॉप्सिस सबमिट करू नका. आधी ती सोडवा.