कुंटा, किझी आणि एक कोयता

मालिका लागली की गल्लीत चिटपाखरू दिसत नाही, हा अनुभव आपल्याला 'रामायण'च्या रविवारांनी दिला. अमेरिकेत तो त्याच्या दहा वर्षं आधी आला होता, आणि तोही एका गुलामाच्या गोष्टीनं. २३ ते ३० जानेवारी १९७७, अशा लागोपाठ आठ रात्री तिथल्या एबीसी वाहिनीनं 'रूट्स' दाखवली. अॅलेक्स हेली यांची ही कादंबरी आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. गुलामांची कहाणी गोरे लोक बघतील की नाही, अशी वाहिनीवाल्यांना म्हणे धाकधूक होती. म्हणून दर आठवड्याला एक भाग असं न करता सगळं एकदम उरकायचं ठरलं. झालं भलतंच! शेवटचा भाग दहा कोटींच्या आसपास लोकांनी पाहिला. त्या वर्षी जन्मलेल्या कितीतरी मुलींची नावं 'किझी' ठेवली गेली.

ही किझी कोण, ते पुढे सांगते. मालिका जुनी असली तरी आम्ही ती आत्ता पाहिली, तुळजापुरात, आमच्या पुढच्या खोलीत. पुण्याच्या भाच्यानं डीव्हीडी आणून दिल्या. गणपती उठल्यावर दुपारची कामं आटोपली की आम्ही सात-आठजणी बसायचो. संवाद इंग्रजीत, म्हणून मी मधे मधे थांबवून अर्थ सांगायची. शाळेत अर्धवेळ शिकवत असल्यामुळे समजावून सांगायची सवय आहेच, थोडी जास्तच आहे असं घरचे म्हणतात!

गोष्ट आफ्रिकेतल्या गॅम्बियातल्या जुफुरे गावापासून सुरू होते. बाळ जन्मतं, त्याचं बारसं होतं. कादंबरीत बाप आधी बाळाच्या कानात नाव सांगतो, मग गावाला. आपलं नाव माणसाला स्वतःला सगळ्यांच्या आधी कळायला हवं, अशी त्या लोकांची समजूत. हे सांगितल्यावर आमच्याकडे एकदम चुळबुळ झाली. "अगंबाई, आपली आत्या सांगते तसंच की!" तिथून पुढे कुंटा किंटे हा परका राहिलाच नाही. सतरा वर्षांचा हा मुलगा ढोलासाठी लाकूड आणायला रानात जातो आणि पकडला जातो. बेड्या, जहाजाचा तळ, लिलाव. अमेरिकेत मालक त्याचं नाव 'टोबी' ठेवतो. तो ते घेत नाही. मग सगळ्या गुलामांसमोर त्याला बांधून, तो 'टोबी' म्हणेपर्यंत चाबकानं फोडतात.

माझा अंदाज होता की बायका जहाजाच्या प्रसंगाला रडतील. पदर डोळ्यांना लागलेही. पण बोलणं निघालं ते या नावाचं, आणि ते तीन दिवस पुरलं.

समोरच्या मावशींचं मत पडलं, "इतका मार खाण्यापेक्षा म्हणून टाकायचं टोबी. नाव काय, हाक मारायला असतं." माझ्या जाऊबाई उसळल्याच, "मावशी, हाक मारणारा कोण आहे ते तरी बघा!" मग कुणीतरी तांदळाच्या ताटाचा विषय काढला. लग्नात नवऱ्यानं अंगठीनं ताटात नवं नाव लिहायचं आणि आपण उद्यापासून त्या नावाला 'ओ' द्यायची. माझंही बदललं. मारून नव्हे, पेढे वाटून. या दोन गोष्टी एका तागडीत घालू नयेत, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते. पण मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी आपलं माहेरचं नाव सांगितलं. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. ते नाव इथे लिहीत नाही, त्यांनी लिहू नको म्हटलंय.

अमेरिकेतही मालिकेनंतर लोक आपली नावं शोधायला निघाले. काळे-गोरे सगळेच जुन्या नोंदींच्या कचेऱ्यांत खेपा घालू लागले. हेलींनी स्वतः जुफुरेला जाऊन वंशावळ तोंडपाठ सांगणाऱ्याकडून कुंटाची हकिकत ऐकल्याचं लिहिलं होतं. त्यावर पुढे इतिहासकारांनी शंका घेतल्या. दुसऱ्या एका कादंबरीतले उतारे वापरल्याच्या दाव्यात १९७८ मध्ये हेलींना पैसे देऊन तडजोडही करावी लागली. हे ठाऊक असलेलं बरं. तरी ज्यांचे पूर्वज जनावरांसारखे मोजून विकले गेले, त्यांना एवढासाही धागा किती मोलाचा वाटला असेल! आपल्या तुळजापूरला मुंबई-पुण्याहून कुळाचाराला आलेली माणसं पुजाऱ्याच्या वहीत खापरपणजोबांचं नाव सापडलं की कशी हरखतात, ते आम्ही नेहमी बघतो. मी पाहिलेल्या पानांवर बायकांची नावं मात्र शोधावीच लागली.

"आपल्याकडे होते का गं गुलाम?" जाऊबाईंच्या मुलीनं विचारलं. होते. आपल्याच जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्याचं घ्या. अहमदनगर १६०० मध्ये मोगलांनी घेतल्यावर ज्यानं परंड्याला निजामशाही पुन्हा उभी केली, तो मलिक अंबर हबशी गुलाम होता. लहानपणी त्याचं नाव चापू. विकत विकत बगदादला गेला, तिथल्या मालकानं 'अंबर' ठेवलं. म्हणजे त्याचाही टोबीच झाला, फक्त हा टोबी पुढे वजीर झाला. पण तो एखादाच. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणी आहेत, विकत घेतलेल्या, आंदण दिलेल्या. बदकर्माचा ठपका ठेवून सरकारजमा करून किल्ल्यावर, कोठीत कामाला लावलेल्या बायकाही आहेत. इंग्रजी मुलखात १८४३ च्या कायद्यानं गुलामीची मान्यता काढून घेतली. 'बटीक' हा शब्द मात्र भांडणात अजून ऐकू येतो. त्याचा अर्थ विकत घेतलेली बाई, हे आमच्यातल्या निम्म्याजणींना माहीत नव्हतं.

एवढं सगळं मी ऐटीत सांगत होते. दाराशी आमच्याकडे धुणंभांडी करणारी बाई बसली होती. ती दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. ती म्हणाली, "मुकादमाच्या वहीत माझं नाव न्हाई, बाई. मालकाच्या नावाम्होरं एक कोयता, बस्स."

तुम्हाला माहीतच असेल, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता. उचल जोडीवर मिळते, पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात पडतात, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा जाणं आलंच. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा, म्हणजे 'रूट्स' कादंबरीच्याच वर्षीचा. ऊसतोड म्हणजे गुलामगिरी, असं मी म्हणणार नाही. ही बाई स्वतःच्या घरी परत येते, तिची पोरं कुणी विकत नाही. पण दिवाळीनंतर माझ्या वर्गातली जी बाकं रिकामी होतात ती कुणाची, ते मला ठाऊक आहे. पाळीच्या त्रासामुळे खाडे पडू नयेत म्हणून गर्भाशय काढून टाकलेल्या बीडकडच्या बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये आपण सगळ्यांनी वाचल्या होत्या. वाचून हळहळलो आणि पान उलटलं.

आता किझी. ती कुंटाची लेक. तिला चोरून लिहायला-वाचायला शिकवलं जातं, आणि एका मुलाला पळून जाण्यासाठी परवाना लिहून दिला म्हणून तिला आईबापांपासून तोडून विकतात. आई ओरडत गाडीमागे धावते, त्या भागानंतर आमच्याकडे कुणी चहासुद्धा घेतला नाही. बऱ्याच वर्षांनी किझी बापाच्या थडग्याशी येते. फळीवर 'टोबी' लिहिलेलं असतं. ती ते खोडते आणि 'कुंटा किंटे' लिहिते. ज्या लिहिण्यापायी विकली गेली, तेच लिहिणं! आणि जिनं लिहायला शिकवलं ती बालपणीची गोरी मैत्रीण म्हातारपणी ओळखही दाखवत नाही, तेव्हा किझी तिला प्यायला द्यायच्या पाण्यात गुपचूप थुंकते. यावर आमच्याकडे चक्क टाळ्या पडल्या. मावशींनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

तुम्ही पाहणार असाल तर लहान मुलांना आधी एकट्यानं पाहून मगच दाखवा. चाबकाचा प्रसंग आणि किझीवरचा अत्याचार दहा-बारा वर्षांखालच्यांना झेपणार नाही. रोज एकच भाग पाहा, आणि नंतर अर्धा तास रिकामा ठेवा, कारण बोलणं निघतंच.

आमचं पाहणं नवरात्रात अडलं. कोजागिरीपर्यंत घरात पाहुणे, गावात पाय ठेवायला जागा नाही. तोवर टोळीचा ट्रक येऊन गेला. धुणंभांडी करणाऱ्या बाईचे शेवटचे दोन भाग राहिलेत. ती एप्रिलात येईल, तोवर डीव्हीडी परत मागू नकोस म्हणून भाच्याला कळवलंय.