डोंगरावरचा निरोप खाली पोचायला हवा

पावसाळा तोंडावर आला की दरडप्रवण गावांच्या याद्या पुन्हा चर्चेत येतात. माळीण आणि इर्शाळवाडीच्या दरडींनंतर ‘डोंगरावर सेन्सर बसवा’ ही मागणी जोर धरते, आणि ती रास्तच आहे. केरळात मुन्नारच्या उतारावर अमृता विद्यापीठाने जमिनीतल्या पाण्याचा दाब आणि मातीची हालचाल मोजणारी बिनतारी यंत्रणा उभी केली आहे. पण सेन्सरने मोजलेला आकडा खाली गावापर्यंत येतो कसा, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही.

तो येतो हातोहात. सेन्सर आणि रेडिओ असलेली एक पेटी, म्हणजे नोड, शेजारच्याला निरोप देतो, तो पुढच्याला. असे दहा टप्पे असले आणि प्रत्येक टप्प्यावर शंभरातले नव्वद निरोप पोचत असले, तरी शेवटी हाती येतात जेमतेम पस्तीस. उपाय साधा आहे: निरोप मिळाला की पुढच्याने लगेच पोच द्यायची, पोच आली नाही तर मागच्याने तोच निरोप पुन्हा पाठवायचा. प्रत्येक टप्प्यावर तीनदा प्रयत्नाची मुभा दिली, तर दहा टप्प्यांनंतर नव्व्याण्णव टक्के निरोप पोचतात. पोच फक्त शेवटच्या केंद्राने द्यायची ठरवली, तर दर अपयशाला पहिल्यापासून सुरुवात, आणि बॅटरी त्यातच संपते.

वाट कोणती निवडायची, हा त्याहून रंजक प्रश्न. कमीत कमी टप्प्यांची वाट चांगली, असं वाटतं. एमआयटीतल्या डग्लस डी कूटो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे खोडून काढलं. टप्पे मोजू नका, निरोप पोचायला सरासरी किती वेळा पाठवावा लागेल ते मोजा, असं त्यांचं म्हणणं. लांबचा एकच दुवा, पण निरोपही निम्मे पोचतात आणि पोचही निम्म्याच परततात: म्हणजे सरासरी चार प्रयत्न. मध्ये एक नोड घेऊन दोन्ही टप्प्यांवर जाता-येता नव्वद टक्के साधले, तर एकूण अडीच प्रयत्नांत काम होतं. टप्पा वाढला, खर्च घटला! इतका नेमका आणि स्वस्त विचार मला या क्षेत्रात दुसरा दिसत नाही.

मात्र वरचा नव्व्याण्णवचा हिशेब प्रत्येक अपयश सुटं धरतो. प्रत्यक्षात अपयशं सलग येतात. ओल्या झाडोऱ्यात असे नोड सहसा वापरतात त्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी चांगल्याच क्षीण होतात. दुवा खचला की लागोपाठचे तिन्ही प्रयत्न वाया जातात. म्हणून आकडा नोडच्या स्मृतीत जपून थोड्या वेळाने पुन्हा पाठवायची सोय लागते. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टाही विनापरवाना खुला आहे; झाडीत तो जास्त टिकतो.

इक्वेडोरच्या रेव्हेंतादोर ज्वालामुखीवर २००५ मध्ये हार्वर्डच्या चमूने १६ नोड १९ दिवस चालवले. तिथे खालच्या केंद्रातली वीज जाण्यानेही बराच त्रास झाला. आपल्या गावांत भर पावसात वीज किती टिकते, हे ठाऊकच आहे.

त्यामुळे निविदेत सेन्सरच्या संख्येआधी दोन अटी हव्यात. जुलैच्या मुसळधार रात्री शंभरातले किती आकडे पोचले, याची नोंद ठेकेदाराने द्यावी. आणि एखादा नोड ठरल्या वेळी बोलला नाही, तर ते शांततेचं लक्षण न मानता तलाठ्याच्या फोनवर तातडीचा इशारा जावा.