पाळणा लांबवताना सल्ला दोघांचा

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, हाती रोकड नाही आणि पाऊस थांबायचे नाव घेत नाही. अशा दिवसांत मालवणच्या एखाद्या खलाशाच्या घरी बाळंतपण येते. सरळ असेल तर गावाजवळच निभावते. गुंतागुंत झाली तर ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठायचे, आणि तिथूनही पुढे पाठवले तर थेट गोव्यातले बांबोळी. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही, तर दोन तासांतही आई दगावू शकते. अंगात मुळातच रक्त कमी असेल, तर तेवढाही अवधी मिळत नाही.

ते कमी का असते? खाणे अपुरे, हे आहेच. पण मांडीवरचे मूल चालायला लागण्याआधीच पुन्हा दिवस राहतात, हेही तितकेच खरे. बाळंतपणानंतर किमान दोन वर्षे पुढच्या गरोदरपणाचा विचार करू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सूरह अल-बकरहच्या २३३व्या आयतीतही दूध पाजण्याची मुदत पूर्ण दोन वर्षे सांगितली आहे. दूध त्याआधी तोडायचे असेल, तर ते आईबाप दोघांच्या राजीखुशीने आणि सल्लामसलतीने. सासूच्या हुकमाने नव्हे!

दीनदार घरांत शंका येते, हे जायज आहे का? सहाबांच्या काळात ‘अज़्ल’ केले जात होते आणि त्याला मनाई झाली नाही, अशी हजरत जाबिर (रजि.) यांची रिवायत आहे. बाळंतपणात बायकोच्या जिवाला असलेला धोका हे कारण इमाम ग़ज़ालींनीही मान्य केले. कायमच्या नसबंदीबाबत उलेमांत मतभेद आहेत. पण इथे प्रश्न पाळणा लांबवण्याचा आहे.

एक गैरसमज फार महाग पडतो. अंगावर पाजते तोवर दिवस राहत नाहीत, असे बायका सांगतात. बाळ सहा महिन्यांच्या आत, रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर, आणि पाळी अजून आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच तो भरवसा धरता येतो. एक जरी सुटली तरी साधन हवे.

सरकारी दवाखान्यात निरोध, तांबी, ‘छाया’ गोळी आणि ‘अंतरा’ इंजेक्शन मोफत मिळते. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. दूध पाजणाऱ्या आईलाही चालते. अंतरा दर तीन महिन्यांनी. त्याने पाळी अनियमित होते किंवा बंदही होते. हे आधी कोणी सांगत नाही, म्हणून घाबरून पुढचे इंजेक्शन चुकते. कोणाला काय चालेल, ते डॉक्टरांनी तपासून ठरवावे. गरोदर असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेची मोफत तपासणी चुकवू नये. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, रमजानमध्ये इफ्तारच्या चहासोबतही नाही.

आपल्याकडे बरेच शौहर मुंबईत किंवा आखातात. “तो इथे नसतोच, मग साधन कशाला?” असे घरात म्हणतात. तो सुट्टीवर येतो, परत जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत सुनेला उलट्या सुरू होतात. सल्लामसलत फोनवरही होते. सुट्टीचे तिकीट काढतानाच ती करावी, म्हणजे बायकोला दवाखान्यात जाऊन यायला वेळ मिळतो.