पानवेलीच्या मुळांचा पहारेकरी

वसईच्या वाड्या केळी आणि विड्याच्या पानांसाठी ओळखल्या जातात. यांपैकी पानवेलीवर पावसाळ्यात एक संकट येते. कालपर्यंत हिरवीगार असलेली वेल मलूल होते, पाने पिवळी पडतात आणि काही दिवसांत वेल वाळते. उपटून पाहिले तर मुळे काळी पडून कुजलेली आढळतात. ही मूळकूज. पानवेल बियांपासून नव्हे, तर वेलीच्याच तुकड्यांपासून लावतात. त्यामुळे मळ्यातल्या वेली जणू जुळ्या बहिणी असतात. एकीला बाधणारा रोग सर्वांना बाधू शकतो.

रोगाचे एक प्रमुख कारण म्हणजे फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव. त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात! साचलेल्या पाण्यातून ते शेजारच्या वेलीपर्यंत पोहोचतात. म्हणून पाण्याचा निचरा हा पहिला उपाय.

दुसरा उपाय म्हणजे ट्रायकोडर्मा ही मातीतली हिरवी बुरशी. ती इतर बुरशींवर जगते, हे वाइंडलिंग यांनी 1932 मध्ये दाखवले. ती शत्रूच्या तंतूंना विळखा घालते, विकरे सोडून त्यांची भित्तिका विरघळवते आणि मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच बळकावते.

'आधीच' हा शब्द महत्त्वाचा. ब्रिटनमध्ये पाइन वृक्ष तोडल्यावर ताज्या बुंध्यावर मूळकुजीची बुरशी पडे आणि मुळांवाटे शेजारच्या झाडांत शिरे. रिशबेथ यांनी तोडल्याबरोबर बुंध्यावर एक निरुपद्रवी बुरशी लावली. जागा आधीच भरल्याने रोगाला थारा मिळेना. त्यांचे हे काम 1963 मध्ये प्रसिद्ध झाले.

पानमळ्यातही हेच खरे. कुजलेले मूळ ट्रायकोडर्मा बरे करीत नाही. ती औषध नव्हे, पहारेकरी आहे. म्हणून चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात ती मिसळून, सावलीत काही दिवस वाढू देऊन, पावसापूर्वीच मुळांशी घालावी. तांब्याची बुरशीनाशके तिलाही मारक ठरू शकतात. दोन्ही एकदम देऊ नयेत.

वर्गात हे पाहता येईल. दोन बरण्यांत थोडा शिजवलेला भात घ्या. एकीत कृषी केंद्रातून आणलेली ट्रायकोडर्माची पूड चिमूटभर टाका. दोन्हींची तोंडे कापडाने बांधा आणि आठवडाभर रोज नोंद ठेवा. कापड सोडू नका, वास घेऊ नका. पहिल्या बरणीत इतर बुरशींना जागा उरली का? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.